भोपळा बांधल्यावाचून विहिरीत

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या विद्यालयात निरोपसमारंभ होतो. मुले आपापले मनोरथ सांगतात आणि आम्ही शिक्षक त्यांना आशीर्वाद देतो. एखादी मुलगी उठून ‘मला परिचारिका व्हायचे आहे’ असे म्हणाली की टाळ्यांचा कडकडाट होतो. मग आमच्यापैकी कोणीतरी सेवाव्रत, त्याग, करुणा अशा शब्दांची ओंजळ तिच्यावर रिती करतो. ही ओंजळ मीही अनेकदा रिती केली आहे. परंतु गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली आणि त्या शब्दांविषयी माझ्या मनात संशय उत्पन्न झाला. तो संशय या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तिच्या संमतीनेच, पण तिचे नाव व त्या रुग्णालयाचे गाव वगळून, घडले ते सांगते. परिचर्येची चार वर्षांची पदवी तिने उत्तम गुणांनी संपादन केली, परिचारिका म्हणून नोंदणी केली आणि एका खाजगी रुग्णालयात ती रुजू झाली. तिसऱ्याच आठवड्यात तिला रात्रपाळी मिळाली. वॉर्डात बावीस खाटा आणि परिचारिका ती एकटी. अनुभवी सिस्टर होत्या त्या दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्याही हाताखाली तितकेच रुग्ण. पहाट होता होता न्याहारीपूर्वीची इन्शुलिनची इंजेक्शने द्यावयाची होती. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोन नाईक होत्या. एकीला मधुमेह, दुसरीचा पाय मोडलेला. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली ही मुलगी सिरिंज भरून दुसऱ्या खाटेपाशी गेली आणि म्हातारीचा दंड तिने हाती घेतला. तोच म्हातारी म्हणाली, “बाये, म्हाका दोतोरान इंजेक्शन सांगूंक ना गो.”

त्या एका वाक्याने अनर्थ टळला. मधुमेह नसलेल्याला इन्शुलिन टोचले तर रक्तातील साखर एकदम उतरते. वेळीच ध्यानात आले नाही तर रुग्ण बेशुद्ध होतो, प्रसंगी दगावतोही. आमच्या मुलीला हे ठाऊक नव्हते असे नाही. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळाव्यात, हा नियम तिने परीक्षेत उत्तमरीत्या लिहिला होता. पण परीक्षेच्या दालनात बावीस रुग्ण नसतात, आणि घंटाही एकदाच वाजते.

घडलेली गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर नोकरी जाईल, लोक हसतील, असे तिला वाटले. नंतर प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी तिचा हात कापू लागला आणि महिन्याभरात तिने राजीनामा दिला. आता ती मामाच्या कापडदुकानात हिशेब लिहिते. हे ऐकून मी सवयीने म्हणाले, “अगं, सेवेचे काम आहे, धीर सोडून कसे चालेल?” ती शांतपणे म्हणाली, “बाई, धीर होता. विचारायला कोणी नव्हते.”

या उत्तराने मी निरुत्तर झाले. ‘पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही’ अशी एक म्हण आपण येताजाता वापरतो. नवशिक्याला कामात लोटून देणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाला ती सोयीची वाटते. पण आमच्या गावातील विहिरीवर मुलांना पोहावयास शिकवताना मी पाहिले आहे. तेथे मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा न सोललेले सुके नारळ बांधतात आणि काका वा थोरला भाऊ आधीच पाण्यात उतरून उभा असतो. काही दिवसांनी भोपळा सुटतो आणि काका काठावर येऊन बसतो. मूल पाण्यात पडते हे खरे. पण एकटे पडत नाही. म्हणीने पाणी तेवढे लक्षात ठेवले, भोपळा व काका मात्र ती विसरली.

नव्या परिचारिकेसाठी असा भोपळा बांधण्याचा विचार अमेरिकेत गेली काही दशके पद्धतशीरपणे चालू आहे. मार्लीन क्रेमर या विदुषीने १९७४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परिचारिका हा व्यवसाय सोडून का जातात, हा त्याचा विषय. महाविद्यालयात शिकवलेले आदर्श आणि वॉर्डातील धावपळ यांची गाठ पडली म्हणजे नव्या पदवीधर मुलीला जो हादरा बसतो त्याला तिने ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. आरंभीचे दिवस नवलाईचे असतात, मग हा धक्का बसतो, आणि त्यातून जी सावरते ती टिकते. पुढे १९८४ साली पॅट्रिशिया बेनर हिने परिचारिकेच्या वाटचालीचे पाच टप्पे दाखवले. नवशिकी परिचारिका नियम पाहून चालते. मुरलेली परिचारिका रुग्णाकडे एक दृष्टी टाकते आणि काहीतरी बिघडते आहे हे तिला उमगते. ही दृष्टी पुस्तकातून येत नाही. ती अनुभवाने येते, आणि अनुभव मिळेपर्यंत रुग्णाचा जीव सुरक्षित ठेवावयाचा तर नवशिकीच्या शेजारी कोणीतरी मुरलेले माणूस असावे लागते.

याच विचारातून तेथे ‘रेसिडेन्सी’ निघाली. आपल्याकडे हा शब्द ऐकला की निवासी डॉक्टर आठवतात. येथे निवासाचा संबंध नाही. पदवी घेऊन आणि परवाना-परीक्षा उत्तीर्ण होऊन पगारी नोकरीत आलेल्या परिचारिकेचे पहिले वर्ष, असा त्याचा अर्थ. परिचर्या महाविद्यालयांच्या तेथील राष्ट्रीय संघटनेने विद्यापीठीय रुग्णालयांच्या संघाशी हातमिळवणी करून २००२ साली बारा महिन्यांचा असा एक उपक्रम सुरू केला. पुढे २०१० साली तेथील वैद्यकशास्त्र संस्थेने परिचर्येच्या भवितव्यासंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही अशा रेसिडेन्सीची शिफारस केलेली आहे.

या वर्षात काय घडते? प्रथम काही आठवडे नवी परिचारिका एका नेमून दिलेल्या अनुभवी परिचारिकेबरोबर काम करते. तिला तेथे ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. दोघींची पाळी एकच आणि रुग्णही तेच. आरंभी एकदोन रुग्ण नवीकडे सोपवतात, मग हळूहळू संख्या वाढवतात. महिन्यातून एकदा सर्व नव्या परिचारिका एकत्र जमतात. कठीण प्रसंगांची, झालेल्या व टळलेल्या चुकांची, पाहिलेल्या पहिल्या मृत्यूची चर्चा करतात. मध्यरात्री डॉक्टरांना दूरध्वनी करावयाचा तर काय बोलावे, एवढी साधी गोष्टही शिकवली जाते. रुग्णाची आताची स्थिती, पूर्ववृत्त, स्वतःचा अंदाज आणि डॉक्टरांकडून काय हवे, अशा चार पायऱ्यांनी बोलावे ही ती रीत. ती मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतील. तेथून ती रुग्णालयांत आली. या चार पायऱ्यांचा आधार असला म्हणजे झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांच्या रागाची भीती निम्मी तरी कमी होते.

तेथे सर्वच रुग्णालयांत ही सोय आहे असे नाही. काही ठिकाणी या शिक्षणाच्या मोबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेतात आणि सोडल्यास पैसे भरावयास लावतात, हाही त्यातील एक दोषच. तरीही जेथे हा उपक्रम नीट चालतो तेथे पहिल्या वर्षात नोकरी सोडून जाणाऱ्या परिचारिकांचे प्रमाण घटते, असा अनुभव आहे. मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट दिसते ती कौशल्याची नव्हे. तेथे प्रश्न विचारणे हा पहिल्या वर्षाच्या कामाचा भाग मानलेला आहे; त्यात कोणाला कमीपणा वाटू नये अशी व्यवस्थाच केलेली आहे. आमच्या विद्यार्थिनीला नेमके तेवढेच मिळाले नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडेही पदवी अभ्यासक्रमाच्या अखेरीस इंटर्नशिप असते. असते, आणि ती आवश्यकही आहे. परंतु ती विद्यार्थिदशेतील होय. विद्यार्थिनीच्या पाठीशी कोणीतरी शिकवणारे असते. नोकरीत आल्यावर सही तिची आणि जबाबदारीही तिची. या दोहोंमधील दरी एका रात्रीत ओलांडावी अशी अपेक्षा आपण इतर कोठे करतो? नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतो. शिंप्याकडचा पोऱ्या आधी काजे करतो, मग कापडाला कात्री लावतो. मी स्वतः शिक्षिका झाले तेव्हा माझ्या शेजारच्या वर्गात एक वृद्ध गुरुजी होते. मधल्या सुट्टीत त्यांना काहीही विचारता येई. माझी चूक झाली तर फार तर एखादे गणित चुकणार होते, तरी मला गुरुजी होते; आणि जिच्या चुकीने माणूस दगावू शकते तिला मात्र कोणी नसावे!

दुसरा आक्षेप खर्चाचा. शिकवून तयार केलेल्या मुली आखाती देशांत किंवा इंग्लंडला निघून जातात, मग रुग्णालयाने पदरमोड का करावी, असे विचारतात. पहिल्या सहा महिन्यांतच घाबरून निघून गेलेल्या मुलीच्या जागी दुसरी शोधावी लागते, तिला पुन्हा सर्व दाखवावे लागते, हा खर्च मात्र कोणी वहीत मांडीत नाही. तिसरा आक्षेप ज्येष्ठ सिस्टरांचा: “आम्हीही अशाच शिकलो.” त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांच्याबरोबर रुजू झालेल्या किती जणी मध्येच सोडून गेल्या आणि किती चुका मनातल्या मनात गिळल्या गेल्या, हे त्यांनी एकदा स्वतःशी आठवून पाहावे.

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. त्या दिवशी आपण परिचारिकांना फुले देतो, मेणबत्त्या लावतो, दिव्याच्या बाईची गोष्ट सांगतो. क्रिमियाच्या युद्धातील तिच्या कार्याबद्दल कृतज्ञतेने लोकांनी जो निधी जमवला, त्याचे तिने काय केले हे मात्र क्वचित कोणी सांगतो. त्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली आणि तेथे उमेदवार मुलींनी वर्षभर वॉर्डात देखरेखीखाली शिकावे अशी व्यवस्था झाली. करुणा पुरेशी असती तर तिने शाळा काढली नसती. आपण तिचा दिवा लक्षात ठेवला आणि शाळा विसरलो.

सर्वच रुग्णालयांनी उद्या वर्षभराचा उपक्रम काढावा असे माझे म्हणणे नाही. लहान रुग्णालयालाही झेपतील अशा चार गोष्टी मला सुचतात. नव्या परिचारिकेला पहिले सहा महिने एक ज्येष्ठ परिचारिका नावानिशी नेमून द्यावी आणि त्या ज्येष्ठ परिचारिकेचे इतर काम तेवढे हलके करावे. आरंभीच्या तीन महिन्यांत नवीला रात्रपाळीला एकटी ठेवू नये. इन्शुलिनसारखी धोक्याची औषधे दोघींनी पडताळूनच द्यावीत. आणि पंधरा दिवसांतून एक तास असा राखावा, की ज्यात टळलेली चूक निर्भयपणे सांगता येईल. त्या पहाटेची हकीकत अशा एखाद्या तासात सांगितली गेली असती, तर एकाच आडनावाच्या दोन रुग्णांना शेजारी न ठेवण्याचा निर्णय दुसऱ्याच दिवशी झाला असता. तो झाला नाही. एक परिचारिका मात्र कमी झाली, आणि त्या वॉर्डात पुढच्याही रात्री बहुधा दोन नाईक शेजारशेजारीच असतील.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगी नोकरीस लागताना आपण पगार, वसतिगृह, येण्याजाण्याची सोय यांची चौकशी करतो. ‘पहिले काही महिने हिच्या शेजारी कोण असेल?’ हाही प्रश्न विचारावा. पुष्कळ पालक तो विचारू लागले तर रुग्णालयांना उत्तर तयार ठेवावेच लागेल.

आणि आम्हा शिक्षकांचे काय? या वर्षीच्या निरोपसमारंभात एखादी मुलगी परिचारिका होण्याची इच्छा बोलून दाखवील, तेव्हा मी सेवाव्रताचे भाषण करणार नाही. तिला एवढेच सांगेन, “मुली, जेथे विचारता येते तेथे रुजू हो. ठाऊक नसेल ते विचार, पुन्हा विचार. आणि तू स्वतः ज्येष्ठ होशील तेव्हा तुझ्यापाशी विचारायला येणाऱ्या मुलीवर डोळे वटारू नकोस.”

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी अलीकडे पत्र लिहिले आहे. ‘पुन्हा अर्ज कर, पण या वेळी मुलाखतीत तूही त्यांना एक प्रश्न विचार’ असे त्यात लिहिले आहे. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही. मी वाट पाहत आहे.