बकुळीचा कचरा होतो म्हणे!



मागच्या वेळी कैरीच्या साखरांब्याबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. तो पुढच्या वेळी. आज मन जरा तापलेलं आहे.

आमच्या बस्तीच्या पटांगणात बकुळीचं झाड आहे. 1983 साली मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाच त्याच्या सावलीत पंचवीस-तीस माणसांची पंगत बसत होती. आता पटांगणात पेव्हर ब्लॉक घालायचे ठरले आहेत आणि झाड काढून तिथे कुंड्या आणि वाफे करायचे आहेत. सुशोभीकरणाच्या कागदावर लिहिलंय, ‘देशी रानफुलांचा बारमाही ताटवा.’ रानफुलं कोणती, तर सदाफुली. चाळीस कुंड्या, पांढरी आणि गुलाबी.

ठराव कमिटीतल्या पुरुषांनी आणला असता तर मी घरीच दोन शब्द बोलून गप्प बसले असते. पण ही मागणी आपल्या महिला मंडळाची आहे. झाडलोट आपल्याकडे असते ना! फुलं पडतात, पानं पडतात, पिकलेली फळं पडतात, कोण झाडणार रोज? म्हणून हे सगळं मी तुम्हालाच सांगते आहे.

आधी सदाफुलीबद्दल. तिला नावं ठेवायला माझी जीभ धजणार नाही. माझ्या भाचीच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा सलाईनमधून जी औषधं दिली त्यात विनक्रिस्टीन होतं, आणि ते सदाफुलीपासूनच मिळवतात. पोरगा आज कॉलेजात आहे. कुंपणाच्या भेगेत, पाण्याच्या टाकीच्या कडेला, कुठेही ती उगवते, ना खत मागते ना कौतुक, आणि वर्षभर फुलते. माझ्या दारातही दोन रोपं आहेत. (जाता जाता सांगते, साखरेवर उपाय म्हणून तिची पानं चावून खाणाऱ्या काहीजणी मला माहीत आहेत. खाऊ नका. झाड विषारी आहे, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.)

पण तिला ‘देशी रानफूल’ म्हणू नका. ती मूळची मादागास्कर बेटावरची. गुलमोहरही तिथलाच. आपली आहे ती बकुळ. सह्याद्रीच्या रानात ती आपसूक वाढते. म्हणजे देशी काढून परदेशी लावायचं आणि पाटी देशीची लावायची, असा हा प्रकार.

मी बी.कॉम. केलं त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या राहिल्या, भांडवली खर्च आणि घसारा. सदाफुलीचं रोप दहा-वीस रुपयांना मिळतं म्हणून स्वस्त वाटतं. दोन-तीन वर्षांत ते बुंध्याशी लाकडासारखं होतं, उंच वाढून वाकतं, फुलं कमी होतात. मग काढा आणि नवीन लावा. हा झाला दरवर्षीचा खर्च. कुंडीत लावल्यावर पाणी आलं. चाळीस कुंड्यांना रोज अर्धा-अर्धा लिटर धरलं तरी वीस लिटर होतं, आणि उन्हाळ्याच्या 120 दिवसांचं 2400 लिटर. पाण्याच्या एका थेंबात असंख्यात जीव असतात हे आपण पाठशाळेत शिकलो. घरात नळाला गाळणं बांधतो आणि बस्तीत शोभेसाठी 2400 लिटर ओतायची तयारी करतो?

बकुळीला गेल्या चाळीस वर्षांत कोणी तांब्याभर पाणी घातलेलं मी पाहिलेलं नाही. जगातल्या प्रत्येक वस्तूवर घसारा लागतो. पंखा जुना होतो, पेव्हर ब्लॉक फुटतो, कुंडीला चीर जाते. झाडाची किंमत मात्र दरवर्षी वाढते. अशी मालमत्ता कोणता शहाणा माणूस वहीतून खोडतो? शिवाय बकुळ वाढते अगदी हळू. आज काढली आणि उद्या चूक कळून नवीन लावली, तर तिच्या सावलीत आपल्यापैकी कोणी बसणार नाही. बसल्या तर आपल्या नाती बसतील.

आता पायांचा विचार करा. आपण बस्तीत चप्पल घालून जात नाही. चैत्र-वैशाखात अकरा वाजता पेव्हर ब्लॉकवर अनवाणी उभं राहून बघा. अभिषेकाला येणाऱ्या सत्तर-पंचाहत्तरीच्या आजींनी काय करायचं? मुनिसंघ येतो तेव्हा महाराज आहारचर्येला याच पटांगणातून निघतात. त्यांच्या पायाखाली आज बकुळीची सावली असते. सदाफुलीची सावली तिच्या स्वतःच्या मुळावरसुद्धा धड पडत नाही.

मागच्या सभेत एक मुद्दा आला, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. एक वहिनी म्हणाल्या, “अक्का, फळं पडून सडतात, त्यात जीव होतात, येता-जाता पाय पडतो. झाडताना मुंग्या मरतात. हिंसा झाडामुळेच होते ना?” खरं आहे, होते. पण ती किती आणि कोणाची, हेही मोजावं लागेल. फळं पिकून पडतात ती वर्षातले थोडेच आठवडे. तेवढे दिवस उजेड झाल्यावर मऊ झाडूने हलक्या हाताने बाजूला सारायची आणि बुंध्याभोवती मातीतच ठेवायची, हे जमण्यासारखं आहे. झाड तोडलं तर त्यावरची घरटी, फळांना येणारे पक्षी, रात्रीची वटवाघळं, म्हणजे पंचेंद्रिय जीव एका दिवसात बेघर होतात. आणि कुंड्यांमध्ये काय कमी हिंसा आहे? दर दोन वर्षांनी माती उकरा, गांडुळं चिरडा, रोप मुळासकट उपटा. गरज नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं याला आपल्या श्रावकाचारात प्रमादचर्या म्हटलं आहे. अनर्थदंडाचाच तो प्रकार. शोभा ही गरज आहे का, ते आपापल्या मनाला विचारा.

फरशी उचकटते ही दुसरी तक्रार. मुळांचा त्यात दोष नाही. फरशी बुंध्याला चिकटवणाऱ्यांचा आहे. चारही बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी सोडा, पावसाचं पाणीही मुरेल.

आणि कायदा. महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 साली त्यात दुरुस्ती झाली आणि 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं. आमची बकुळ नक्कीच त्यात बसते. धर्मस्थानाने कायदा मोडून सुशोभीकरण केलं, अशी बातमी आपल्याला हवी आहे का?

धर्माचं म्हणाल तर, नमिनाथ भगवंतांचा केवलवृक्ष बकुळ सांगितला आहे. आदिनाथांचा वड, मुनिसुव्रतनाथांचा चंपक, महावीरांचा साल. अष्ट प्रातिहार्यांतसुद्धा पहिला येतो तो अशोकवृक्ष. केवलज्ञानाच्या क्षणी चोवीसही भगवंतांच्या जवळ झाड होतं. नमिनाथांची बकुळ दारात आपोआप उभी आहे, आणि आपण तिला कचरा म्हणतो.

आता मला जे सांगायला जड जातं ते सांगते.

आमच्या बस्तीच्या भिंतीवर षड्लेश्येचं चित्र आहे. जांभळाचं झाड आणि सहा भुकेली माणसं. एकजण मुळापासून झाड तोडू बघतो, ती कृष्ण लेश्या. दुसरा मोठा फांदा, तिसरा लहान फांदी, चौथा घोस, पाचवा नुसती फळं. सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. ती शुक्ल लेश्या. पाठशाळेत हे चित्र मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं. आणि त्याच काळात, 1996 साली, माझ्या अंगणातलं जांभळाचं झाड मीच तोडायला लावलं. का? नवीन पांढरी फरशी घातली होती आणि त्यावर जांभळे डाग पडायचे. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मला तेव्हा तो हट्ट वाटला. तो उन्हाळा आला आणि स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देईना. पहिल्यांदा पंखा घेतला, मग दुसरा, मग एसी. फरशी पुढे जुनी झाली म्हणून काढून टाकली. झाडही गेलं आणि फरशीही गेली. सासूबाईंनी परत कधी विषय काढला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून म्हणते, चित्रातला पहिला माणूस कोणी परका नाही. तो मी होते. या रविवारी तुम्ही होऊ नका.

बकुळीचं फूल तोडावं लागत नाही. पहाटे ते आपणहून खाली येतं, आपण फक्त वेचायचं. आपल्यातल्या काही घरांत देवाला ताजं फूल वाहतात, काही ठिकाणी केशरी तांदूळ. त्या वादात मी पडत नाही. पण वेचलेलं फूल सुकल्यावरही महिनोन् महिने साड्यांच्या घडीत वास देतं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या आज्यांच्या गळ्यात सोन्याचा बकुळहार याच फुलाच्या आकाराचा होता. तो लॉकरमध्ये जपायचा आणि झाड करवतीखाली द्यायचं?

माझी सूचना साधी आहे. बकुळ राहू द्या. सदाफुली हवी असेल तर दक्षिणेच्या कुंपणाला, जिथे दिवसभर ऊन असतं तिथे, जमिनीत लावा. चाळीस नको, दहा पुरेत. जमिनीत मूळ धरलं की तिला पाणीही फारसं लागत नाही. बकुळीच्या दाट सावलीत ती नाहीतरी फुलणार नाही, तेव्हा भांडण संपलंच. आणि झाडण्याचं म्हणाल, तर सोमवार आणि गुरुवार माझे लिहून घ्या. गुडघे कुरकुरतात, पण फुलं वेचायला वाकता येतं अजून. उरलेल्या पाच दिवसांसाठी पाच नावं हवीत.

सभा रविवारी अभिषेकानंतर आहे. नेहमीसारखं मागे बसून नुसती मान हलवू नका. हात वर करा आणि बोला.