एकच गेम, पण तुमच्याकडे जुना आणि मित्राकडे नवा: कन्सोलवर अपडेट उशिरा का येतं?

सुरुवात तुमच्या फोनपासून करू. अँड्रॉइडचं नवं व्हर्जन जाहीर होतं, पिक्सेलवाल्यांना ते लगेच मिळतं आणि बाकीचे आपण दर दोन दिवसांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट’ दाबत बसतो. कारण मध्ये फोन बनवणारी कंपनी असते, तिचा इंटरफेस असतो, तिची तपासणी असते.

कन्सोलवर स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांचं अगदी असंच होतं. फरक एवढाच की फोनचं अपडेट रखडलं तरी व्हॉट्सअ‍ॅप चालू राहतं. गेमचं अपडेट रखडलं, तर मित्र पीसीवर नव्या व्हर्जनमध्ये खेळतोय आणि तुम्हाला त्याच्या मॅचमध्ये शिरताच येत नाही. पैसे तर दोघांनीही भरलेत!

गेम रिलीज झाल्यावर येणाऱ्या पॅचेसकडे आपण फार लक्ष देत नाही. रात्री डाउनलोडला लावायचं आणि झोपायचं. पण हल्ली कोणता गेम कधी विकत घ्यायचा, हे ठरवताना ट्रेलरपेक्षा पॅचचा इतिहास जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत झालंय. ते का, हे एका मोठ्या उदाहरणावरून बघू.

सिव्हिलायझेशन ७ चं काय झालं?

फिरॅक्सिस या स्टुडिओचा ‘सिव्हिलायझेशन ७’ ११ फेब्रुवारी २०२५ ला आला. पीसी, पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स वन, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, निन्टेंडो स्विच, सगळीकडे एकाच दिवशी. या मालिकेसाठी ही नवीन गोष्ट होती. आधीचा सहावा भाग पीसीवर २०१६ मध्ये आला, स्विचवर २०१८ मध्ये आणि प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवर थेट २०१९ मध्ये. म्हणजे कन्सोलवाल्यांना दोन-तीन वर्षं थांबावं लागलं, पण हातात पडला तो बऱ्यापैकी पॉलिश झालेला गेम.

या वेळी थांबावं लागलं नाही. उलट, जास्त पैसे मोजणाऱ्यांना पाच दिवस आधीच खेळता आलं. साधी आवृत्ती सुमारे ७० डॉलरची. १०० किंवा १३० डॉलरची घेतली तर ६ फेब्रुवारीपासून प्रवेश. आणि याच लोकांनी सर्वात आधी तक्रारी केल्या: स्क्रीनवर हवी ती माहिती सापडत नाही, मेनू अर्धवट वाटतात. स्टीमवर रिव्ह्यूचा शेरा ‘मिक्स्ड’ झाला. इंटरफेसबद्दलच्या तक्रारी पोचल्या आहेत, असं फिरॅक्सिसनेही मान्य केलं आणि भराभर पॅच यायला लागले.

खरी गंमत इथेच झाली. सुरुवातीचा एक पॅच पीसीवर लगेच आला, पण कन्सोलवर तो मंजुरी मिळाल्यावरच येणार होता. तोपर्यंत पीसी आणि कन्सोल यांच्यातला क्रॉस-प्ले तात्पुरता बंद ठेवावा लागला. पुढेही स्विचसाठीची काही अपडेट्स बाकीच्यांच्या मागून आली. रिलीज एका दिवशी झाला खरा, पण दुरुस्ती काही एका दिवशी पोचली नाही.

मध्ये अडतं कुठे?

स्टीमवर गेम एकदा प्रकाशित झाला की पुढचे पॅच स्टुडिओ स्वतःच चढवू शकतो. प्रत्येक वेळी व्हॉल्व्हची परवानगी लागत नाही. संध्याकाळी बग सापडला आणि सकाळी दुरुस्ती पोचली, असं पीसीवर होऊ शकतं.

कन्सोलवर मात्र गेट आहे आणि गेटवर वॉचमन आहे. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिघांच्याही आपापल्या तपासण्या आहेत. निन्टेंडोच्या तपासणीला ‘लॉटचेक’ म्हणतात. कंट्रोलर मध्येच बंद पडला तर गेम नीट थांबतो का? कन्सोल स्लीपमध्ये जाऊन परत आला तर क्रॅश होतो का? सेव्ह करताना जागा संपली तर नीट मेसेज येतो का? अशा गोष्टी तिथे बघतात. तीन कन्सोल म्हणजे तीन गेट, आणि तिन्हीकडे नियम वेगळे.

आपला एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. ‘कन्सोलवर आलाय म्हणजे तपासूनच आला असणार’ असं आपण धरून चालतो. तपासलेला असतोच, पण गेम चांगला आहे का, एआय डोकं चालवतो का, मेनू समजतात का, हे त्या तपासणीत येत नाही. गाडीची पीयूसी झाली म्हणजे गाडी मायलेज चांगलं देते, असं थोडंच आहे!

स्ट्रॅटेजी गेमलाच जास्त त्रास का?

याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, हार्डवेअर. मूळ निन्टेंडो स्विच २०१७ चा, त्यात रॅम ४ जीबी. पीएस ५ मध्ये १६ जीबी. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही आज ६ किंवा ८ जीबी असेल. आता स्ट्रॅटेजी गेममध्ये नकाशावरचं प्रत्येक शहर, प्रत्येक सैनिक, प्रत्येक राजाचं गणित दर चालीला करावं लागतं. सुरुवातीला दोन शहरं असतात तेव्हा सगळं पळतं. शंभर चालींनंतर मशीन धापा टाकायला लागतं. म्हणूनच सिव्हिलायझेशन ७ मध्ये स्विचवाल्यांसोबत खेळायचं असेल तर नकाशा आणि खेळाडूंची संख्या स्विचला झेपेल तेवढीच ठेवावी लागते. पीसीसाठी लिहिलेला पॅच स्विचवर तसाच चालेल, याची खात्री कोण देणार? ती तपासायला वेळ जातो.

दुसरं, बग उशिरा सापडतो. शूटिंग गेममधला घोळ पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. इथे तो दोनशेव्या चालीला दिसतो, तेही तुम्ही विशिष्ट राजा घेऊन विशिष्ट पद्धतीने खेळलात तर. रिलीजच्या आधी कितीही टेस्टिंग केलं तरी लाखो लोक खेळल्यावर जे सापडतं ते ऑफिसात सापडत नाही.

तिसरं, हिशोब जुळायला हवा. मल्टिप्लेअरमध्ये सगळ्यांच्या मशीनवर तोच नकाशा, तेच नियम, तेच आकडे लागतात. पॅचमध्ये एका धनुर्धाऱ्याची ताकद जरी बदलली, तरी नव्या व्हर्जनवर तो जिंकेल आणि जुन्यावर हरेल. मग खरं काय मानायचं? त्यामुळे व्हर्जन वेगळं असेल तर गेम तुम्हाला जोडूच देत नाही. ते योग्यच आहे, फक्त त्याचा फटका ज्याचा पॅच मागे राहिला त्याला बसतो.

यूट्यूबवर एक गेम, टीव्हीवर दुसरा

हा प्रकार किती टोकाला जाऊ शकतो, ते ‘स्टेलारिस’ने दाखवलंय. पॅराडॉक्सचा हा अंतराळातला स्ट्रॅटेजी गेम पीसीवर मे २०१६ मध्ये आला आणि कन्सोलवर फेब्रुवारी २०१९ मध्ये. कन्सोलवर आलं ते पीसीच्या १.७ व्हर्जनवर आधारलेलं होतं. त्या वेळी पीसी २.२ वर पोचला होता.

आकड्यांत हा फरक किरकोळ वाटेल, पण मधल्या २.० ने गेमचा पायाच बदलला होता. आधी एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचे तीन प्रकार होते, २.० पासून सुरुवातीलाच सगळ्यांना एकच. म्हणजे पीसीवरून वर्षभरापूर्वी काढलेले नियम कन्सोलवर ‘नवा गेम’ म्हणून आले. नवख्याने यूट्यूबवर ताजी गाइड बघितली असेल, तर तिच्यातलं निम्मं त्याच्या टीव्हीवर दिसतच नव्हतं. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं असेल, पण चूक त्याची नव्हती.

पॅच फुकट असतो का?

आपल्यासाठी फुकट, बनवणाऱ्यासाठी नाही. एक्सबॉक्स ३६० च्या काळात पॅच पुन्हा तपासून घ्यायला मायक्रोसॉफ्ट पैसे आकारत असे. २०१२ मध्ये ‘फेझ’ या छोट्या कोडी-गेमच्या पॅचमुळे काही लोकांच्या सेव्ह फाइल बिघडत होत्या. तरी पॉलिट्रॉन या स्टुडिओने दुरुस्ती पाठवणार नाही असं जाहीर केलं, कारण नव्या तपासणीचा खर्च हजारो डॉलर होता. त्यावरून बराच गोंधळ झाला आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ही फी बंद केली.

फी गेली हे चांगलंच झालं. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पॅच महाग होता तेव्हा गेम पूर्ण करूनच पाठवायचा दबाव होता. पॅच स्वस्त झाल्यावर तारखेला काहीतरी बाहेर काढा, बाकीचं नंतर बघू, हा मार्ग सोपा झाला. सिव्हिलायझेशनची ओळख असलेलं ‘वन मोअर टर्न’, म्हणजे जिंकल्यावरही खेळत राहायची सोय, सातव्या भागात पहिल्या दिवशी नव्हती. नंतरच्या अपडेटमध्ये आली. ही काही बगची दुरुस्ती नव्हे, उरलेलं काम होतं.

आता तर पॅच पायापर्यंत पोचलाय. सातव्या भागात रिलीजच्या वेळी प्रत्येक युगाबरोबर संस्कृती बदलावीच लागायची. प्राचीन युगात मौर्य घेतले तर पुढे चोळ, मग मुघल, असं करता येतं. अनेक जुन्या चाहत्यांना हे रुचलं नाही. २०२५ च्या शेवटी फिरॅक्सिसने सांगितलं की तिन्ही युगांत एकच संस्कृती ठेवून खेळता यावं यावर ते काम करतायत. खेळाडूंचं ऐकलं जातंय ही आनंदाचीच गोष्ट. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिरॅक्सिसमध्ये नोकरकपात झाल्याचं प्रकाशक टूके कंपनीने मान्य केलं. पॅच काही आपोआप तयार होत नाही, तो माणसं लिहितात. ‘नंतर दुरुस्त करू’ हे वचन देणारी टीम ‘नंतर’ तेवढीच असेल, याची हमी कुणीच देत नाही.

म्हणून मला वाटतं, उशीर हा मूळ प्रश्न नाहीच. तपासणीला वेळ लागणारच, आणि लागावाच. सेव्ह फाइल उडण्यापेक्षा आठवडाभर थांबलेलं बरं. प्रश्न आहे तो सांगण्याचा. दुकानाच्या पानावर सगळ्या प्लॅटफॉर्मची चिन्हं एका ओळीत असतात आणि किंमतही ठळक असते. मात्र या कन्सोलवर पॅच मागून येतील, त्या काळात मित्रांबरोबर खेळता येणार नाही, हे तिथे लिहिलेलं नसतं. ते कळतं पैसे भरल्यावर.

मग आपण काय करायचं?

कन्सोल गेम म्हणजे आपल्याकडे महिनोन्महिने साठवलेला पॉकेटमनी. तो घालवण्याआधी फोनवर पाच मिनिटं काढा.

• गेमच्या अधिकृत साइटवरच्या पॅच नोट्स उघडा आणि तुमच्या कन्सोलचं नाव कुठे येतं ते बघा. ‘लवकरच’ हा शब्द वारंवार दिसला तर थोडं थांबा.

• मित्रांबरोबर खेळण्यासाठीच घेत असाल, तर ते कुठल्या मशीनवर आहेत ते आधी विचारा. सगळे एकाच प्लॅटफॉर्मवर असतील तर निम्मी डोकेदुखी जाते.

• सेकंडहँड डिस्क घेताना लक्षात ठेवा, डिस्कवर ती छापली तेव्हाचंच व्हर्जन असतं. बाकी सगळं इंटरनेटवरून. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून मोठा पॅच उतरवायचा म्हणजे दोन-तीन दिवस गेलेच.

• मोठी मोहीम अर्धी झाली असेल आणि मोठं अपडेट येणार असेल, तर ऑटो-अपडेट बंद करून आधी ती संपवा. नियम बदलले की जुन्या सेव्हचा तोल जाऊ शकतो.

• गाइड बघताना व्हिडिओची तारीख आणि व्हर्जन आपल्या गेमशी जुळवून बघा. स्टेलारिसवाल्यांचं काय झालं, ते वर वाचलंतच.

आणि प्री-ऑर्डर? माझा साधा नियम आहे: स्ट्रॅटेजी गेम पहिल्या दिवशी घ्यायचा नाही, तिसऱ्या-चौथ्या मोठ्या पॅचनंतर घ्यायचा. तोपर्यंत किंमतही बहुतेक वेळा उतरलेली असते. या गेममध्ये चाल खेळायच्या आधी विचार करायला शिकवतात. मग पहिली चाल, म्हणजे ‘बाय’ बटण, घाईत कशाला खेळायची?