शुद्ध गावरान!

माणसाला एखादी गोष्ट आवडू लागली की तो प्रथम तिचे प्रदर्शन भरवतो, मग तिचे नियम करतो, आणि शेवटी त्या नियमांत न बसणारे सारे बाद करून टाकतो. गावरान कोंबडीच्या वाट्याला आता अशी आवड आली आहे. इतकी वर्षे तिच्या नशिबी उपेक्षा होती. ती तिने सोसली. हे कौतुक ती सोसेल की नाही, याची मात्र मला शंका आहे.

आमच्या वरूडकडे काही उत्साही मंडळींनी टूम काढली आहे, की वऱ्हाडच्या गावरान कोंबडीची एक 'अस्सल जात' ठरवावी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत नंदुरबारकडची बुसरा आहे, झाबुआचा कडकनाथ आहे. मग आमचीच का नसावी? येथवर ठीक. पण अस्सल म्हणजे काय, असे विचारले की उत्तर तयार असते: पिसे तांबूस, शेपूट काळे, तुरा एकेरी, पाय पिवळे आणि अंडे बदामी. बाकीची कबरी, पांढरी, बोडक्या मानेची, उलट्या पिसांची प्रजा हळूहळू खाटकाकडे. हा बेत मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

अंड्यापासून सुरुवात करू, कारण बाजार तेथूनच सुरू होतो. बदामी अंडे म्हणजे गावरान आणि पांढरे म्हणजे 'कंपनीचे', अशी शहरी गिऱ्हाइकाची पक्की समजूत आहे, आणि या समजुतीसाठी तो जास्त पैसे मोजतो. वस्तुस्थिती काय आहे? अंडे तयार व्हावयास सुमारे पंचवीस तास लागतात; त्यांतले वीस-एक तास कवच चढण्यात जातात, आणि तपकिरी रंग बसतो तो बहुतांशी अगदी शेवटी, बाहेरच्या अंगाला. आतल्या पांढऱ्या-पिवळ्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही. बलक गर्द दिसतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे किंवा मक्यामुळे. पिंजऱ्यात कोंडलेल्या, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्याही बदामी अंडी देतात. आणि उकिरडा उकरून पोट भरणारी आमची खरी गावरान कधी पांढुरके, कधी मातकट, कधी फिकट बदामी अंडे घालते. एका डालग्याखालची दहा अंडी एका रंगाची निघाली, तर मला प्रथम संशय येतो. दक्षिण अमेरिकेतल्या काही कोंबड्या निळी अंडी देतात. तो निळा रंग एका विषाणूचा अंश त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात शिरल्याने आला, असे २०१३ साली सिद्ध झाले. रंगाची थोरवी एवढीच!

आता पाय. पिवळा पाय ही म्हणे शुद्धतेची खूण. डार्विनने १८६८ साली सगळ्या पाळीव कोंबड्यांचे मूळ तांबड्या रानकोंबड्यात शोधले. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की पिवळ्या कातडीचा गुण आला आहे तो आपल्या द्वीपकल्पातल्या राखी रानकोंबड्याकडून. म्हणजे पिवळा पाय ही भेसळीची खूण आहे. आणि तीच आम्ही शुद्धतेचा दाखला म्हणून लावावयास निघालो आहो! माणसांच्या कुळकथाही नीट तपासल्या तर यापेक्षा फार निराळ्या निघतील, असे वाटत नाही.

कडकनाथाचे उदाहरण सर्वांच्या तोंडी आहे. झाबुआच्या भिल्ल-भिलालांनी हा पक्षी जपला, आणि २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंदच आहे. पण पुढे काय झाले? काळे मांस, काळी हाडे, काळी जीभ यांचा एवढा गाजावाजा झाला, की कोंबडी राहिली बाजूला आणि नुसता काळेपणाच विकला जाऊ लागला. कडकनाथ-पालनाच्या योजनांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचे प्रकरण २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात गाजलेच. गंमत अशी, की हा काळेपणा प्रबळ गुण आहे; मिश्र संततीतही तो पुष्कळदा उतरतो. तेव्हा रंग पाहून जात ओळखणाऱ्याला फसविणे सर्वांत सोपे. आणि ज्या गोष्टीची जाहिरात कोणी करत नाही ती अशी, की कडकनाथाची मादी अंड्यांवर बसण्याच्या कामी कच्ची असते. तिची अंडी उबवावयाची तर पुष्कळदा साधी गावरान खुडूक कोंबडीच शोधावी लागते. मिरवणूक कडकनाथाची, खांदा गावरानीचा!

कोणी म्हणेल, रूप निवडले म्हणून गुण थोडेच जातात? जातात. स्पेनच्या काळ्या कोंबडीचा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ही कोंबडी काटक आणि मोठ्या पांढऱ्या अंड्यांसाठी नावाजलेली होती. तिचा चेहरा पांढरा असतो. इंग्रज हौशी लोकांना तो चेहरा आवडला. प्रदर्शनात जितका मोठा आणि स्वच्छ पांढरा चेहरा, तितके बक्षीस मोठे. त्यांनी पिढ्यान् पिढ्या फक्त चेहरा निवडला. चेहरा मिळाला, काटकपणा गेला, अंडीही घटली. १८६५ साली त्या देशात कोंबड्यांच्या आदर्श रूपाचे पुस्तक निघाले, १८७४ साली अमेरिकेत निघाले. त्यात पिसापिसाचा हिशेब आहे. निवड ही दुधारी असते. शंभर पक्ष्यांतून रंगाने दहा ठेवले, की त्या दहांबरोबर आले ते राहते, उरलेल्या नव्वदांबरोबर गेले ते कायमचे जाते; आणि गेलेल्यांत काय होते, हे आपल्याला मानमोडीची साथ आल्यावर कळते.

लेगहॉर्नवाल्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी खुडूक बसण्याची सवय मोडली, अंड्यांची संख्या वाढवली, आणि अंडे गरिबाला परवडेल असे केले. त्यांना काय हवे होते ते त्यांनी उघड सांगितले. माझे भांडण आहे ते 'जतन' हा शब्द उच्चारून निवड मात्र शोभेची करणाऱ्यांशी.

गावरान कोंबडीचा खरा गुण कोणता? ती वर्षाला चाळीस-साठ अंडी देते. त्या हिशेबात ती हरलेलीच आहे. पण ती एकवीस दिवस उपाशी-तापाशी अंड्यांवर बसते, घारीची सावली पडताच पिल्ले पंखाखाली घेते, मुंगसाच्या अंगावर धावून जाते, आणि विकतच्या खाद्यावाचून जगते. हे गुण आपोआप टिकलेले नाहीत. ते आमच्या बायकांनी निवडले आहेत. कोणत्या कोंबडीची अंडी उबवणीला ठेवावयाची आणि कोणतीची विकावयाची, हा निर्णय खेड्यात पिढ्यान् पिढ्या घरची बाई घेत आली. आमच्या शेजारच्या म्हातारीला मी या नव्या जातीचे वर्णन वाचून दाखवले. ती म्हणाली, "रंगाले काय चाटाचं हाय, बाप्पा? तिनं पिल्लं किती वाचवली, थे सांग."

मला वाटते, पशुसंवर्धनावरचे पुष्कळसे शास्त्र या एका वाक्यात आले.

येथेच या प्रश्नाचे खरे टोक आहे. वऱ्हाडात कापसाचा आणि संत्र्याचा पैसा पुरुषाच्या हाती जातो. अंड्याचा पैसा बाईचा. ती त्यातून मीठ-मिरची आणते, पोराची वही आणते. उद्या कोंबडीची 'अस्सल जात' झाली, तिची पिल्ले महागली, शेड आणि खाद्य आले, की हा धंदा तिच्या अंगणातून उठून भांडवलवाल्याच्या आवारात जाईल. आणि तिच्या कबऱ्या कोंबडीला बाजारात 'भेसळ' म्हणून भाव पाडून मागतील.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे खरे आहे. नाव नसले की संरक्षण नसते. बाहेरच्या संकरित जातींच्या लोंढ्यात आमची कोंबडी निनावी वाहून जाईल. मग नाव द्या! पण कसोटी बदला. तीन महिन्यांनंतर किती पिल्ले जिवंत आहेत, किती वेळा खुडूक बसली, विकतच्या दाण्यावाचून कशी राहिली, यांची नोंद ठेवा. आणि रंगांची विविधता हेच त्या जातीचे लक्षण म्हणून लिहा. कृषी प्रदर्शनात कोंबडा पिंजऱ्यात एकटा ठेवून बक्षीस देऊ नका. कोंबडी पिल्लांसह आणवा आणि पिल्ले मोजा.

वरूडच्या माणसाला हे समजावयास अवघड जाऊ नये. आमच्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याचे कलम कसे करतात? आंबट, खडबडीत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. फळ संत्र्याचे, नाव संत्र्याचे. जमिनीखाली पाणी शोधते ती जंबेरी. तिचे फळ बाजारात कोणी विचारत नाही. पण म्हणून कोणी शहाणा बागाईतदार जंबेरी उपटून नुसते गोजिरे डोळे मातीत पेरत नाही. आमची कबरी, बोडकी, ओबडधोबड कोंबडी ही या देशातल्या कोंबड्यांची जंबेरी आहे. तिला सुंदर करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. पडावयाचेच असेल, तर आधी एका उन्हाळ्यात बारा पिल्ले घारीपासून वाचवून दाखवावी, आणि मग तिच्या पिसांत दोष काढावा.