आहारतज्ज्ञाने सल्ला द्यावा, पण कोणाला?

कुपोषणाचा विषय निघाला की आपल्याकडे मेळघाटाचे नाव घेतले जाते, फार तर पालघर-नंदुरबारचे. पुणे जिल्ह्याचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही. जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि द्राक्षे, नारायणगाव म्हटले की टोमॅटोचा बाजार, आंबेगाव म्हटले की मंचर आणि ऊस, असेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु घोडेगाव ओलांडून आहुप्याकडे जावे, अथवा जुन्नरहून आपटाळे-इंगळूणच्या वाटेला लागावे, की बागायत मागे पडते आणि महादेव कोळी व ठाकर यांच्या वाड्या सुरू होतात. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे ते याच पट्ट्यापायी.

अशा पट्ट्यात शासनाने नेमलेली जी माणसे काम करतात, त्यांत आहारतज्ज्ञ हा सर्वांत दुर्लक्षित प्राणी. डॉक्टरांना मान आहे. अंगणवाडी सेविकांना निदान संघटना आहे. 4 डिसेंबर 2023 पासून त्यांनी राज्यभर पन्नासहून अधिक दिवस संप केला, तेव्हा सरकारला त्यांच्याशी बोलावे लागले. आहारतज्ज्ञ मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात एकटी असते, पद बहुधा कंत्राटी, आणि करार पुन्हा होईल की नाही या चिंतेत वर्ष संपते. ज्या पदाचा स्वतःचाच भरवसा नाही, त्या पदाने आयांना भविष्याविषयी उपदेश करायचा!

या कामात समाधान नाही असे मात्र कोणी समजू नये. अशाच केंद्रात काही वर्षे काढलेल्या एका भगिनींशी मी अलीकडे सविस्तर बोललो. तीव्र कुपोषित मूल दाखल झाले की आरंभी ते काही खातच नाही, रडण्याचेही त्राण त्याला नसते. दूध, साखर व तेल यांचे मोजून केलेले मिश्रण दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, द्यावे लागते. मग एका सकाळी ते मूल वाटीकडे हात नेते. दर किलो वजनामागे रोज 10 ग्रॅम वाढ झाली तर ती चांगली मानतात. म्हणजे सहा किलोचे मूल चौदा दिवसांत आठशे ग्रॅमच्या पुढे जाते. “त्या काट्याने मला जे दिले ते पगाराने दिले नाही,” असे त्या म्हणाल्या. मला ते अक्षरशः खरे वाटते.

परंतु पंधराव्या दिवशी मूल घरी जाते. आहारशास्त्राची हद्द तेथे संपते व अर्थशास्त्राची सुरू होते. आईला सांगायचे, डाळ द्या, अंडे द्या, दिवसातून पाच वेळा भरवा. ती पहाटे नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाणार, मूल आजीपाशी राहणार, आणि घरात रेशनचा तांदूळ. नाचणी-वरई पिकवणारी ही माणसे. पण 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्यांच्या ताटात आणले ते मुख्यतः गहू-तांदूळ. डिंभे धरणात जुने आंबेगाव गावच बुडाले, खोऱ्यातील सपाट जमीन पाण्याखाली गेली, आणि ते पाणी कालव्यांनी पूर्वेच्या बागायतीला जाते. ज्यांची भाताची खाचरे गेली त्यांनाच समतोल आहाराचा तक्ता वाचून दाखवायचा, ही विसंगती त्या भगिनींना रोज सलत असे.

दुसरी व्यथा मोजणीची. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला की मूल तीव्र कुपोषित ठरते. आहारतज्ज्ञाने वाडीवाडीवर जाऊन कसोशीने मोजले तर आकडा वाढतो. आणि आकडा वाढला की वरून विचारणा येते, तुमच्याकडेच कुपोषण कसे वाढले? न मोजणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारत नाही.

हा वाद पुण्याला नवा नाही. दांडेकर व रथ यांनी 1971 साली दरडोई 2250 उष्मांकांवरून दारिद्र्याची रेषा आखली. माणसागणिक व दिवसागणिक गरज बदलते, सरासरीचा दंडक लावल्याने उपाशी माणसे फुगवून मोजली जातात, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. सुखात्म्यांचा मुद्दा शास्त्रीय होता. परंतु दांडेकरांचा मूळ प्रश्न वेगळाच होता: एवढे अन्न मिळविण्याची ऐपत किती कुटुंबांना आहे? तो आजही सुटलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या, दोन्ही फेऱ्यांत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील कृश बालकांचे प्रमाण 25.6 टक्केच आहे. दरम्यान योजना किती आल्या-गेल्या! शाळेतील मुलांना आठवड्याला अंडे देण्याचे नोव्हेंबर 2023 मध्ये ठरले, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला. त्या चौदा महिन्यांत अंड्याविषयी आहारशास्त्राला काही नवा शोध लागल्याचे ऐकिवात नाही.

उलट उदाहरणही याच भागात आहे. कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने डिंभ्याच्या विस्थापितांबरोबर काम करताना आहाराचा तक्ता हाती घेतला नाही. जलाशयात मासेमारीचा हक्क मागितला, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर पीक घेऊ द्या म्हटले, आणि डोंगरउतारावर बांध घालून भातखाचरे तयार करण्याची ‘पडकई’ ही लोकांची जुनी रीत रोजगार हमीच्या कामात बसावी म्हणून झगडा केला. 2012 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. भात आणि मासे घरचे, ही पोषणाची योजना नव्हे तर काय?

म्हणून मागणी अशी की, आहारतज्ज्ञाचे पद कायम व्हावे आणि तिला सल्ला द्यायचा असेल तर तो केवळ आईला न देता शासनालाही देता यावा. आदिवासी गरोदर व स्तनदा मातांसाठी 2015 पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेत एका जेवणाचा दर ठरतो, त्या बैठकीत तिला जागा हवी. रेशनवर नाचणी व डाळ किती यावी, हे ठरविताना तिचे मत नोंदले जावे. आणि एखाद्या वाडीत कृश मुले वारंवार सापडू लागली, तर त्या वाडीला पडकईचे काम तातडीने मंजूर करावे अशी शिफारस तिच्या सहीने तहसीलदारांकडे जावी व महिनाभरात तिला लेखी उत्तर मिळावे.