पऱ्हाटी की ऊन?

कापसाची वेचणी संपली की तिगावच्या शिवारात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटून धुऱ्यावर रचली जाते. थोडी चुलीत जाते, उरलेली तिथेच पेटवतात. तिच्यापासून वीज तयार करता येते. पण गोळा करा, तुकडे करा, वाळवा, तिचा वायू करणाऱ्या गॅसिफायरमधला डांबरासारखा चिकटा काढा, चालवायला माणूस ठेवा. खर्च रोजचाच. सौर विजेचा मुख्य खर्च सुरुवातीलाच होतो. मध्य प्रदेशातल्या रीवा सौर प्रकल्पाचा पहिल्या वर्षाचा दर 2017 च्या लिलावात युनिटमागे 2 रुपये 97 पैशांवर आला. छतावरच्या 3 किलोवॉट सौर पॅनेलला केंद्राचे 78 हजारांचे अनुदान मिळते. घरमालक पॅनेलच निवडणार, आणि ते योग्यच आहे. पण म्हणून पऱ्हाटी जाळायची? तिगाव ज्यात येते तो पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला. त्याच्या नव्या प्रशासनाने कांडी-इंधनासाठी (ब्रिकेटसाठी) पऱ्हाटीची खरेदी येत्या हंगामातच सुरू करावी.