बाग वाचवणाऱ्या खुंटाचं नाव काय?

आज जरा मोठं लिहितोय, सवडीनं वाचा.

फेब्रुवारी लागला की भिंगारच्या बाजारात द्राक्षाच्या हातगाड्या दिसायला लागतात. आपण भाव विचारतो, एक मणी तोंडात टाकून बघतो, फारच झालं तर वाण विचारतो. पण वेल कोणत्या खुंटावर आहे, हे कुणी विचारत नाही. गाडीवाल्याला ते माहीत असायचं कारण नाही. पण बऱ्याचदा बागवाल्यालाही सांगता येत नाही, आणि दुष्काळात बाग राहणार की जाणार हे मात्र त्या खुंटावर ठरतं.

माझे मामा श्रीगोंदा तालुक्यात राहतात. दोन एकर द्राक्ष. २०१४ ला त्यांनी एका रोपवाटिकेतून 'डॉगरिज' म्हणून खुंटाची रोपं आणली आणि पावसाळ्यानंतर शेतातच त्यावर पाचर कलम भरलं. बाग चांगली आली. मग आला २०१८-१९ चा दुष्काळ. एप्रिल छाटणी झाली आणि विहिरीनं तळ गाठला. टँकर सुरू झाले. मे महिन्यात मी तिकडं गेलो तर एक गोष्ट डोळ्यात भरली. एकच ओळ, एकच ठिबकची नळी, तितकंच पाणी. पण काही वेलींची पानं करपून गळालेली, आणि त्यांच्याच शेजारी काही वेली हिरव्या उभ्या.

मामांनी वाकून खोडाच्या बुडाशी दाखवलं. कलमाच्या खालून, म्हणजे खुंटातून, फुटवे आले होते. करपलेल्या वेलींच्या फुटव्यांची पानं लवदार होती, हात लावला की मऊ लागायची. टिकलेल्या वेलींच्या फुटव्यांची पानं गुळगुळीत, चकचकीत. दोन वेगळे खुंट! विकताना एकच नाव, एकच भाव, एकच पिशवी. रोपवाटिकेत विचारलं तर उत्तर आलं, "सगळं डॉगरिजच आहे हो." मामांनी त्या चांगल्या वेलींना लाल फडकी बांधून ठेवली. पुढची बाग त्याच खुंटावर लावायची होती. पण मागायचं काय? नावच माहीत नाही.

माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकीचं त्याच्या खुलाशासाठी.

खुंटाची गोष्ट मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या बारीक किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. अमेरिकेतल्या रानटी द्राक्षवेलींची मुळं त्या किडीला दाद देत नव्हती. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपियन काडी, असं कलम सुरू झालं. त्या कामात टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांचा मोठा वाटा. आपला डॉगरिज हा त्यांनीच टेक्सासच्या रानातून निवडलेला वेल. ११०-आर हा फ्रान्समध्ये तयार झालेला संकर, पण त्याचेही आईबाप अमेरिकेतल्या रानटी जाती. त्यातली एक टेक्सासच्या चुनखडीच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणारी. आपल्याकडं मात्र खुंट आला तो किडीमुळं नाही. आपल्याकडं तो दुष्काळ आणि खारं पाणी यांच्यामुळं आला. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रात स्वतःच्या मुळांवरच्या बागा मागं पडत गेल्या आणि डॉगरिज घरोघरी झाला.

आता खुंट दुष्काळ सोसतो म्हणजे करतो काय? मुळांना जमीन सुकल्याची चाहूल लागते. वेलीत अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानांना निरोप जातो की पर्णरंध्रं मिटा, पाणी उडवू नका. हे आम्ल किती आणि किती लवकर तयार होणार, हे वेलीची जनुकं ठरवतात. मुळांच्या पेशींत पाणी आत घेणाऱ्या बारीक वाटा असतात, त्या किती उघड्या ठेवायच्या तेही जनुकं ठरवतात. मुळं खोल जाणार की वरच्या वर पसरणार, हा पिंडही जन्माचाच.

वेलींचे स्वभावही वेगळे असतात. ग्रेनाश जातीची वेल चाहूल लागताच रंध्रं मिटून घेते. नाशिककडं वाइनसाठी लावतात ती शिराज उशिरापर्यंत उघडी ठेवते. एक काटकसरी, दुसरी उधळी. पण काटकसरीलाही किंमत असते. रंध्रं मिटली की पानात अन्न तयार होणंही मंदावतं.

द्राक्षाचा पूर्ण जनुकसंच २००७ साली वाचून झाला. सुमारे तीस हजार जनुकं. तेव्हापासून अनेकांना वाटतं की दुष्काळाचं एक जनुक सापडेल आणि काम होईल. तसं नाही. २०१२ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी दाखवलं की वरची पानं किती पाणी उडवतात यावर खालच्या खुंटाच्या जनुकांचा ताबा असतो. शिवाय पाणी भरपूर असताना चालणारी जनुकं वेगळी आणि पाणी तुटल्यावर जुळवून घेणारी वेगळी. साध्या भाषेत, सुगीत जोरात वाढणारा खुंट दुष्काळात तुमचा असेलच असं नाही.

खाऱ्या पाण्याचं गणित आणखी निराळं. विहीर खोल गेली की पाण्यात क्षार वाढतात, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं एक जनुक सापडलंय, जे सोडियमला मुळातच अडवतं, पानापर्यंत जाऊ देत नाही. एका खुंटात त्याचं रूप चांगलं काम करतं, दुसऱ्यात कमी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही दिसलंय की खाऱ्या पाण्यावर डॉगरिजवरच्या वेलीत सोडियम जास्त साठतं आणि ११०-आर त्याला तुलनेनं बरं रोखतो. त्यात डॉगरिजची वाढ जोमदार. नुसता पाला वाढला की घड कमी, हे बागाईतदारांना अनुभवानं ठाऊक आहे.

म्हणजे डॉगरिज वाईट का? अजिबात नाही. हलक्या जमिनीत त्यानं हजारो बागा उभ्या केल्या. वाईट आहे ते सगळीकडं एकच खुंट लावणं, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणता लावला ते माहीत नसणं.

वरच्या काडीकडं बघा. थॉमसन सीडलेस, तासगावकडचा तास-ए-गणेश, सोलापूरच्या नान्नजचा सोनाका, माणिक चमन. नावं चार, पण मूळ वेल एकच. एखाद्या फांदीत आपोआप बदल झाला, शेतकऱ्याच्या नजरेनं तो हेरला, काडी पुढं वाढवली. त्या नजरेला माझा नमस्कार. पण जनुकांच्या हिशोबानं ही सगळी सख्खी भावंडंसुद्धा नाहीत, एकाच वेलीचे तुकडे आहेत. वर एकच वेल, खाली बहुतांश एकच खुंट. सगळी अंडी एकाच टोपलीत, आणि टोपलीवर नाव कुणी वाचलेलं नाही.

काही जण म्हणतील, जनुकाचं काय घेऊन बसलात, पाणी नसेल तर कोणताही खुंट काय करणार? शंभर टक्के बरोबर. जनुक पाणी तयार करत नाही. एप्रिल छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो, आणि ते दिवस नेमके ऐन मेचे. तेव्हा ताण बसला तर खुंट वेल जगवेल, घड देईलच असं नाही. म्हणून 'दुष्काळी खुंट आहे' म्हणून आणखी एक एकर वाढवणाऱ्यांना माझा हात जोडून विरोध आहे. खुंटानं वाचवलेलं पाणी शेततळ्यात राहिलं पाहिजे, नव्या लागणीत मुरता कामा नये. ज्या नगरात निजामशाहीत कापूरवाडीहून खापरी नळानं पाणी आणलं, तिथल्या माणसाला पाण्याचा हिशोब शिकवायची गरज पडू नये.

पण पाणी कमी आहे म्हणूनच तर खुंट नीट हवा. बाग एकदा लावली की पंधरा वर्षं तोच खुंट. खत बदलता येतं, औषध बदलता येतं, खुंट बदलायचा तर बागच काढावी लागते. मग पंधरा वर्षांचा सौदा तोंडी नावावर का करायचा?

मागणी साधी आहे. रोपवाटिकेनं प्रत्येक खुंटरोपावर नाव आणि मातृवेल कुठली ते लिहून द्यावं, पावतीवरही टाकावं. नाव खोटं निघालं तर भरपाई द्यावी. पानाच्या डीएनएवरून खुंट ओळखण्याचं तंत्र आज आहे. आपण माती तपासतो, देठ तपासतो, तसाच खुंटही तालुक्याच्या ठिकाणी परवडेल अशा दरात तपासून मिळावा. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, मांजरी काही तासांवर. दुष्काळात छावण्या आणि टँकरवर पैसा जातो, तो गेलाच पाहिजे. पण त्यातला चिमूटभर वेगवेगळ्या खुंटांच्या खात्रीच्या मातृबागांवर गेला तर पुढच्या दुष्काळात टँकर थोडे कमी लागतील.

आणि आपणही रोपं घेताना भावाच्या आधी नाव विचारायचं. लेखी मागायचं. देत नसेल तर दुसरीकडं जायचं.

मामांच्या बागेतली लाल फडकी उन्हानं विटून आता गुलाबी झालीत. दुष्काळात कोणता खुंट तगला ते त्या वेलींनी दाखवून दिलं. त्याचं नाव मात्र आम्हाला आजही माहीत नाही.

तुमच्या बागेत खुंट कोणता आहे? खात्रीनं माहीत असेल तर खाली लिहा. नसेल तर तेही लिहा, लाजू नका. किती जणांना माहीत नाही, हेही एकदा दिसू द्या.