मिस्टर बीजॉर्न!

‘गुड आफ्टरनून, मिस्टर बीजॉर्न!’ स्टॉकहोमच्या क्लायंटला आमचा अख्खा फ्लोअर सहा महिने असंच बोलवत होता. मेलमध्ये स्पेलिंग दिसलं, तसं आम्ही वाचलं. तो बिचारा काही बोलला नाही. शेवटी टीममधल्या डॅननं विचारलंच, ‘आम्ही तुझं नाव बरोबर घेतो ना?’ पलीकडे हशा. ‘ब्योर्न. ‘जे’चा उच्चार ‘य’ करायचा!’

अरेच्चा, म्हणजे आपल्या बाबांच्या पिढीचा हीरो ब्योर्न बोर्ग! 1976 ते 1980, सलग पाच विम्बल्डन. आणि ‘अ‍ॅबा’मधला ब्योर्नसुद्धा हाच.

अर्थ एकदम साधा: अस्वल. स्वीडिशमध्ये जंगलातल्या अस्वलालाही ब्योर्नच म्हणतात. जोडनावंही आहेत. थोरब्योर्नमध्ये अस्वलाच्या सोबतीला थॉर देव आहे. आणि नॉर्वेचं राष्ट्रगीत लिहिणारे, 1903चं साहित्याचं नोबेल मिळवणारे ब्योर्नस्त्येर्ने ब्योर्नसन? नावात अस्वल, आडनावातही अस्वल!

खरी गंमत पुढेच आहे. बऱ्याच भाषातज्ज्ञांच्या मते या शब्दाचा मूळ अर्थ ‘तपकिरी’. अस्वलाचं जुनं नाव वेगळं होतं. संस्कृतातला ‘ऋक्ष’ त्याचाच भाऊबंद. आपला जांबवान ऋक्षराज, तोच ऋक्ष. पण उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना वाटायचं, नाव घेतलं की अस्वल हजर! म्हणून म्हणायचं, ‘तो तपकिरी’. बोलता बोलता खरं नाव पुसलंच गेलं. हसू नका. गावाकडे आजी रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायची, ते आठवतंय ना?

हे सगळं ऐकून ब्योर्ननं विचारलं, ‘आणि डॅन, हे नाव तर आमच्याकडेही असतं. तुमच्याकडे अर्थ काय?’

कॉलवर शांतता. डॅनचं खरं नाव ज्ञानेश्वर. जॉइन झाला त्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं, ‘क्लायंटला जमणार नाही, शॉर्ट कर.’ त्यानं केलं. हळूहळू आम्हीही डॅनच म्हणायला लागलो. कॅन्टीनमध्येसुद्धा. तपकिरी अस्वलासारखंच झालं की हे!

त्यानं नाव सांगितलं. अर्थही सांगितला. ब्योर्ननं चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा चुकला. पण पुढच्या सोमवारी त्याची मेल आली, तिची सुरुवात ‘डिअर ज्ञानेश्वर’ अशी होती. स्पेलिंगसकट बरोबर.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये कोण बसतं? सॅम? सँडी? उद्या चहाच्या वेळी पूर्ण नाव विचारून बघा.